कंपाउंडर बरा आहे

घर दोन खोल्यांचं आणि त्यात समुद्र, असा सगळा प्रकार होता. पुढच्या खोलीची एक अख्खी भिंत काचेच्या टाकीनं खाल्ली होती. तिच्यापायी सोफा दारात सरकला होता, कपाट स्वयंपाकघरात गेलं होतं, आणि पाहुणे आले की त्यांना बसा म्हणायच्या आधी दोन बादल्या आणि एक लांबलचक नळी उचलावी लागे. "नाकापेक्षा मोती जड," असं घरची बाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "आणि मोतीसुद्धा माझा नाही, ह्यांचा." साऱ्या इमारतीत तिला काकू म्हणत आणि तिच्या नवऱ्याला काका. आपणही तेच म्हणू.

काका दातांच्या कवळ्या करत. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. काकांचं भरलं, आणि मुलाचं शिक्षणही झालं. दाताच्या डॉक्टरांकडून प्लास्टरचे साचे यायचे. काका मागच्या टेबलाशी बसून मेणात एकेक दात उभा करायचे, थोडा वाकडा, थोडा पिवळट, म्हणजे तोंडात गेल्यावर कुणाला संशय येऊ नये. ज्यांच्यासाठी एवढं करायचं त्यांची तोंडं मात्र त्यांनी कधी पाहिली नाहीत. तेच चिमटे, त्याच बारीक सळया आणि तोच स्थिर हात पुढे टाकीत शिरला. प्रवाळाचा बोटभर तुकडा दगडावर चिकटवायचा तर काका श्वास रोखून, कवळीत दात बसवावा तसा बसवत. एक गुलाबी प्रवाळ तर हुबेहूब हिरडीसारखं दिसे. काकांचं त्याच्यावर विशेष प्रेम होतं आणि काकूंना ते बघून मळमळे.

टाकीत जोकर माशांची एक जोडी होती, नवराबायकोसारखी सारखी एकमेकांना ढोसणारी. एक पिवळाधमक, रागीट मासा होता. गोगलगायी होत्या, हात हलवत राहणारं एक समुद्रफूल होतं, आणि एक कोळंबी होती. खायची नव्हे. बोटाएवढी, लालभडक, पाठीवर मधोमध पांढरा पट्टा आणि अंगापेक्षा लांब पांढऱ्या मिशा. ही दगडाच्या एका ठरलेल्या कपारीशी दुकान मांडून बसे आणि मिशा हलवून माशांना बोलावी. मासे येत, तोंड उघडून उभे राहत, आणि ही आत शिरून त्यांचे दात साफ करून देई. दाताच्या धंद्यात जन्म गेलेल्या माणसाला याहून मोठं मनोरंजन ते काय! काकांनी तिचं नाव कंपाउंडर ठेवलं. पुढे पुढे तर काकांनी पाण्यात हात घातला की कंपाउंडर पोहत येऊन त्यांच्या बोटांवर चढे आणि नखांच्या कडेची मेलेली कातडी टोकरत बसे. काका डोळे मिटून उभे राहत.

"नखं कापायला नोकर ठेवलाय," काकू म्हणत. "बायकोनं पाय चेपायला सांगितले तर कंबर दुखते, आणि इथे तासभर उभे."

टाकीला त्या सरळ सवत म्हणत. अर्थात काका गावाला गेले की सवतीचा दिवा वेळेवर कोण लावी, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

आता काकूंच्या आवाजाबद्दल सांगायला हवं, कारण गोष्ट खरी त्याचीच आहे. काकूंनी सारी नोकरी एका मोठ्या कारखान्यात टेलिफोनच्या बोर्डावर केली. तिथे त्यांचा आवाज वेगळा होता. मऊ, गोड, पाण्यावरून पान वाहावं तसा. साहेब शेजारी उभे राहून आरडाओरडा करत असले तरी त्या पलीकडच्याला "साहेब बैठकीत आहेत हं" असं सांगत आणि ऐकणाऱ्याला ताकास तूर लागत नसे. कौतुक व्हायचं त्या आवाजाचं. पण त्याची एक दुसरी बाजूही होती. कारखान्यात कुणाचा हात यंत्रात गेला, कुणी वरून पडलं, की थोड्या वेळानं त्याच्या घरून फोन येई. खरं काय ते सांगायचं काम काकूंचं नव्हे. अधिकारी येईपर्यंत त्या बाईला फोनवर धरून ठेवायचं, घाबरू द्यायचं नाही. "हो ताई, आहेत ना. एक मिनिट थांबता का? लगेच जोडून देते हं." असं बोलून त्या घरी आल्या की चपला काढता काढता रडत आणि काकांना सगळं सांगत. तो ऑफिसचा आवाज त्यांनी घरात कधी आणला नाही. घरचा आवाज निराळा होता. तो स्वयंपाकघरात निघे आणि जिन्यापर्यंत ऐकू जाई, आणि त्यात निम्मं तरी "अहो, तुम्हाला काही कळतं का" असे.

एका सकाळी काका टाकीवरचा दिवा पुसायला स्टुलावर चढले. खाली फरशीवर पाणी सांडलेलं होतं. ते त्यांनीच सांडलं होतं आणि पुसायचं राहून गेलं होतं. स्टूल सरकलं, काका पडले, खिशातला मोबाइल टाकीत गेला आणि खुब्याचं हाड मोडलं. काकू कणीक तिंबत होत्या, तशाच पिठाच्या हातांनी धावल्या. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत त्यांनी काकांचं डोकं मांडीवर धरलं होतं, आणि काका वेदनेनं पांढरेफटक पडले असताना म्हणत होते, "मोबाइल काढ आधी पाण्यातून. बॅटरीचं विष उतरतं."

ऑपरेशन नीट झालं. खुब्यात धातूचा दांडा बसला. डॉक्टर म्हणाले, म्हाताऱ्याची हाडं बरी आहेत, लवकर उभं करू. त्या दिवशी काकू घरी आल्या, चिमट्यानं मोबाइल बाहेर काढला, वाळलेल्या पाण्याचे डाग पुसले, दिव्याच्या निळ्या उजेडात मजेत फिरणाऱ्या त्या सगळ्या प्रजेकडे पाहिलं, आणि मोठ्यानं म्हणाल्या, "तुमच्यापायी झालं हे. मरा एकदाचे सगळे." आणि मग हुकमाप्रमाणे चिमूटभर गोठवलेला चारा वाटीत विरघळवून त्यांना खायला घातला.

हुकूम वॉर्डातून सुटत असत. संध्याकाळी भेटीच्या वेळेला काकू गेल्या की काका उताणे पडल्या पडल्या सुरू होत.

"काचेवर पेन्सिलची रेघ आहे. पाणी खाली गेलं की रेघेपर्यंत भरायचं. गाळलेलं साधं पाणी. मीठ घालायचं नाही."

"समुद्राचे मासे आणि साधं पाणी?"

"अगं, पाणी उडतं, मीठ उडत नाही. मीठ आहे तेवढंच आत राहतं. तू आणखी घातलंस तर लोणचं होईल त्यांचं."

"झालं तर झालं. तोंडी लावायला होईल."

"आणि हाताला साबण असला तर पाण्यात हात घालू नकोस."

"मी कशाला घालते मेली हात? पाय मोडून घेतलात तरी अक्कल येत नाही माणसाला. शेजारी बघा, त्यांचंही हाड मोडलंय, पण ते देवाचं नाव घेताहेत. तुम्ही आपले गोगलगायी मोजताय!"

शेजारच्या खाटेवरचा माणूस हसला. काकाही हसले. मग हळूच विचारलं, "कंपाउंडर?"

"आहे. मिशा हलवतोय," काकू खेकसल्या. काकांनी समाधानानं डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी टाकीचा दिवा लावला. पांढऱ्या वाळूवर, पंपाच्या कोपऱ्यात, कंपाउंडर आडवा पडला होता. पाय वर, मिशा निर्जीव. पाण्याच्या लाटेबरोबर अंग इकडून तिकडे लोळत होतं. लाल रंग फिका पडून आरपार दिसायला लागला होता.

काकूंनी आधी काचेवर टिचकी मारली. मग स्वयंपाकघरातला झारा आणला आणि त्याला बाहेर काढलं. तळहातावर घेतला तर वजन म्हणून नाही. बिचारा झुरून गेला, असं त्यांच्या मनात आलं, आणि मग 'मरा एकदाचे सगळे' हे स्वतःचं वाक्य आठवलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, असं त्यांनी स्वतःला दोनतीनदा बजावलं. पण फांदी मोडली होती आणि कावळा आपणच होतो, हे काही मनातून जाईना. ज्याला सवतीचा पोरगा म्हणून रोज हिणवलं त्याला केराच्या डब्यात टाकायचा हात होईना. त्यांनी त्याला काड्यापेटीत घातलं आणि गॅलरीतल्या कुंडीत पुरलं. वर माती सारखी केली आणि तिथेच पायरीवर बसून राहिल्या.

काकांना सांगायचं कसं? व्यायाम करून घेणारी बाई कालच बजावून गेली होती. "त्यांना उभं करायचंय. मन लागलं पाहिजे. खूश ठेवा." आणि माणसाचं मन कुठे लागलं होतं हे काकूंहून जास्त कुणाला ठाऊक? ठरलं मग. सांगायचंच नाही.

संध्याकाळी काकांनी विचारलं, "कंपाउंडर?"

"बरा आहे हं," काकू म्हणाल्या. "छान खातोय. तुम्ही अजिबात काळजी करू नका."

काकांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग छताकडे पाहिलं. रेघेचं काही विचारलं नाही, गोगलगायींचंही नाही.

नुसत्या बोलण्यानं भागणार नव्हतं. माणूस आठवड्यानं घरी येईल तेव्हा काय दाखवायचं? दुसऱ्या दिवशी काकू मत्स्यालयाच्या दुकानात गेल्या. दुकानदार काकांचा जुना दोस्त, दोघं पाण्यातल्या क्षारांवर तास तास भांडणारे. त्याला खरं सांगितलं तर तो भेटायला जाऊन सहानुभूती दाखवून येईल, म्हणून काकूंनी त्यालाही पत्ता लागू दिला नाही.

"कंपाउंडरसारखी एक कोळंबी द्या. एकांना भेट द्यायचीय."

"काकू, तुम्ही?" दुकानदाराचा चष्मा नाकावरून घसरला. "सूर्य पश्चिमेला उगवला की काय? कंपाउंडर बरा आहे ना?"

"बरा आहे हं," काकू म्हणाल्या.

दुकानदारानं पिशवीत कोळंबी दिली, कंपाउंडरपेक्षा जरा लहान, आणि दहा वेळा बजावलं, की हिला एकदम नव्या पाण्यात टाकायचं नाही. भांड्यात ठेवायची, टाकीतलं पाणी बारीक नळीनं थेंब थेंब त्यात सोडायचं. घाई केली की दगावते. काकूंनी घरी येऊन नळीला गाठ मारली, पण गाठ घट्ट झाली की थेंब थांबे आणि सैल झाली की धार लागे. शेवटी त्यांनी नळी बोटांत चिमटून धरली आणि दुपारभर स्टुलावर बसून राहिल्या, काकांना सलाइन लागलं होतं तेव्हा बसल्या होत्या तशाच. हाताला मुंग्या आल्या. ऊन सरकत पायाशी आलं. भांड्यातल्या त्या जिवाला त्या अधूनमधून "घाबरू नकोस, आपलंच घर आहे" असं सांगत होत्या, आणि ते घरच्या आवाजात.

एवढं करून पाहुणी टाकीत गेली ती दगडामागे दडून बसली. मिशीसुद्धा दिसेना.

वॉर्डात तर रोज नवीन. काका जेवण अर्धं ठेवू लागले. बोलणं कमी झालं. काकू जितकं गोड बोलत तितके ते गप्प होत. व्यायामवाली बाई काकूंना दाराबाहेर नेऊन म्हणाली, "ऑपरेशन उत्तम झालंय, पण आजोबा उभेच राहत नाहीत. वॉकर आणला की तोंड फिरवतात. असं पडून राहिले तर छातीत कफ होईल, पाय कायमचा आखडेल. त्यांच्या मनात काय आहे?"

काय असणार! कोळंबीचं त्यांना आतून कळलंय, काकूंना वाटलं. जीव लावलेल्याला कळतं. त्या आत जाऊन आणखी गोड बोलल्या. "आज काय झालं माहितीये, कंपाउंडरनं जोकर माशाचे दात घासले. सगळं मस्त चाललंय हं. आराम करा तुम्ही."

"अगं," काका म्हणाले, "पंप काढून धुवायचा कसा ते दुकानदाराकडून शिकून घे. नाहीतर तोच टाकी नेईल का, विचार त्याला. तुला एकटीला झेपायची नाही."

"असं काय बोलता? तुम्ही येणार ना घरी."

"हो, हो," काका म्हणाले. त्यांनी काकूंचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, चारचौघांत त्यांनी असा हात कधी धरला नव्हता. "जेवतेस ना तू वेळेवर?" त्यांनी विचारलं. काकू गोड आवाजात हो म्हणाल्या, बाहेर जिन्यात आल्या आणि भिंतीला टेकून रडल्या. टाकीसुद्धा नकोशी झाली या माणसाला, म्हणजे त्यानं हात टेकले, एवढंच त्यांना कळत होतं.

आता एकच उपाय होता. पाहुणीला माणसाळवायचं. काका लंगडत का होईना घरी आले, त्यांनी पाण्यात हात घातला आणि ती बोटांवर चढली, की झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी घड्याळ काढलं, अंगठी काढली, बाही खांद्यापर्यंत वर केली. हात साध्या पाण्यानं इतक्यांदा धुतला की बोटं सुरकुतली. मग स्टुलावर चढल्या, आधी खालची फरशी कोरडी आहे ना ते बघून, आणि आयुष्यात पहिल्यांदा टाकीत हात घातला.

पाणी कोमट होतं. त्यांना वाटलं होतं गार असेल. पिवळा मासा येऊन रागानं मनगटाला ढोसून गेला. जोकर मासे फुलात शिरून डोकावले. समुद्रफुलाचे हात त्यांच्या दिशेनं हलले आणि पुन्हा मागे गेले. ती ओंगळ गुलाबी हिरडीसुद्धा इतक्या जवळून मखमली वाटली. रोज पाहिलेली टाकी, पण हात बुडवून पाहिली नव्हती. हा माणूस इथे तास तास डोळे मिटून का उभा राहतो, ते काकूंना थोडं थोडं समजायला लागलं, आणि तो नसताना समजतंय याचं त्यांना फार वाईट वाटलं.

खांदा दुखायला लागला तेव्हा दगडाआडून दोन बारीक मिशा आल्या. पाहुणी! ती कपारीच्या तोंडाशी बसली आणि पुढे यायला तयार होईना. "ये ग," काकू पुटपुटल्या. तेवढ्यात तर्जनीला गुदगुल्या झाल्या. त्यांनी खाली पाहिलं. बोटावर एक कोळंबी बसली होती, मोठी, लालभडक, नुकतं रंगवून आणल्यासारखी, आणि त्यांच्या नखाच्या कडा टोकरत होती. कपारीत पाहिलं, तर पाहुणी जागच्या जागी. एक तिथे, एक इथे.

काकूंनी हात काढला नाही. हलल्यासुद्धा नाहीत. नुसतं "अगं बाई, अगं बाई" म्हणत राहिल्या. असं बेधडक बोटावर येणारा एकच जीव त्या घरात होता. पण त्याला तर त्यांनी स्वतःच्या हातानं पुरलं होतं!

ओल्या हातानं गॅलरीत जाऊन त्यांनी कुंडी उकरली. काड्यापेटी तिथेच होती, कंपाउंडरही आत होता. मिशांसकट. त्यांनी काड्यापेटी पर्समध्ये टाकली आणि चपला उलटसुलट घालून दुकान गाठलं.

"हे काय आहे?" त्यांनी काड्यापेटी दुकानदाराच्या नाकासमोर धरली.

दुकानदारानं बघितलं. "कात आहे, काकू."

"काय?"

"कात. साप टाकतो ना, तशी. कोळंबी वाढते आणि कवच काही वाढत नाही. मग ती अख्खं कवच उतरवते, मिशा, पाय, सगळं. बघा, आत काही आहे का? पोकळ. नवं कवच मऊ असतं, कुणी खाईल म्हणून दोनतीन दिवस लपून राहते. पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण फसतो. काका सुरुवातीला माझ्याकडे रडत आले होते." मग त्याचा चेहरा बदलला. "थांबा, थांबा. भेट द्यायची म्हणून नेली ती कोळंबी…"

"गप्प बसा," काकू म्हणाल्या, आणि दुकानात माशांच्या गर्दीत उभ्या राहून हसत सुटल्या.

त्या संध्याकाळी त्या वॉर्डात अक्षरशः धावत गेल्या. काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. वॉकर खाटेच्या पायाशी तसाच उभा होता. व्यायामवाली बाई हात टेकून परत निघाली होती.

"अहो, इकडे बघा." काकूंनी काड्यापेटी उघडून त्यांच्या छातीवर ठेवली. "तुम्हाला नीट सांगता येत नाही का एखादी गोष्ट? रेघ सांगितलीत, मीठ सांगितलंत, साबण सांगितलात, पण कोळंबी कात टाकते हे सांगायला काय झालं होतं? मी मेलीनं कंपाउंडर मेला म्हणून कुंडीत पुरला! तुम्हाला कळू नये म्हणून दुसरी कोळंबी आणली, दुपारभर नळी धरून बसले, माझा हात अजून वर होत नाही! रोज इथे येऊन खोटं बोलायचं, आणि तो तिकडे दगडामागे ढेंगा पसरून नवा अंगरखा वाळवतोय! आता दोन दोन झाल्यात, घाला त्यांना जेवायला!"

काका काड्यापेटीकडे पाहत होते.

"म्हणजे," शेवटी ते म्हणाले, "तू खोटं बोलत होतीस ते कोळंबीबद्दल?"

"मग काय?"

"डॉक्टरांनी तुला काही सांगितलं नाही? माझ्याबद्दल?"

"तुमच्याबद्दल काय सांगायचंय? हाड जुळतंय म्हणाले. उठत नाही म्हणाले."

"नक्की?"

"अहो, असं काय करता?"

काकांनी डोळ्यांवर हात घेतला. त्यांचा आवाज घोगरा झाला होता. "तू माझ्याशी ऑफिसच्या आवाजात बोलायला लागलीस. 'बरा आहे हं. काळजी करू नका.' तू हा आवाज कुणासाठी काढायचीस, मला ठाऊक आहे ना? रोज रात्री घरी येऊन मलाच तर सांगायचीस. मला वाटलं, रिपोर्टात काहीतरी वाईट निघालंय आणि ही मला फोनवर धरून ठेवतेय. मग कशाला उभं राहायचं? शेवटचे दिवस आहेत तर तुझ्याशी भांडण नको, एवढंच मनात होतं. टाकीचं कुणीतरी बघावं एवढंच."

काकू खाटेच्या कडेवर मटकन बसल्या. ज्याला जपायला म्हणून एवढा गोड आवाज काढला, त्याला आपणच इतके दिवस मरणाच्या दारात उभं करून ठेवलं होतं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्याच क्षणी त्यांना असा काही राग आला की विचारू नका.

"तुम्हाला काय धाड भरलीय मरायला!" त्या ओरडल्या. सगळा वॉर्ड दचकला. "चांगले ठणठणीत आहात! खोटं हाड घातलंय ते तुमच्या खऱ्या हाडापेक्षा बरं आहे! मनात आलं तर विचारायचं नाही माणसानं? तोंड आहे ना? जन्मभर लोकांना दात दिलेत, स्वतःचं तोंड उघडता आलं नाही?"

काका रडत होते आणि हसत होते, दोन्ही एकदमच. व्यायामवाली बाई दारातून परत आत आली. शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला.

"तो वॉकर घ्या इकडे," काका तिला म्हणाले. तिनं तो लगबगीनं पुढे आणला. काकांनी दोन्ही हातांनी दांडे धरले, पाय खाली सोडले आणि वेदनेनं दात आवळले. काकू घाबरून गप्प झाल्या. पुढे होऊन त्यांनी काकांच्या पाठीखाली हात घातला.

काका अर्धवट उठलेल्या अवस्थेत थांबले आणि त्यांनी काकूंकडे पाहिलं.

"गप्प का झालीस?" ते म्हणाले. "बोल ना. बरं वाटत होतं."